बऱ्या दिवसांतला एबीजी जपून ठेवा

सीओपीडीच्या पेशंटची फाईल उघडली की छातीचे पाच-सात एक्स-रे निघतात, रक्ताचे रिपोर्ट निघतात, वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या निघतात. एक कागद मात्र बहुतेक वेळा सापडत नाही: पेशंट बरा असताना, आपल्या पायांनी चालत ओपीडीत आला असताना काढलेला एबीजी. एबीजी म्हणजे आर्टेरियल ब्लड गॅस. धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता मोजणारी ही तपासणी. ती हटकून काढली जाते ती धाप अनावर झाल्यावर, अपरात्री, आयसीयूत. पट्टीवर आकडा येतो, कार्बन डायऑक्साइड ६५. आता हा आकडा आज चढलाय की दोन वर्षांपासून तिथेच मुक्कामाला आहे, हे ड्यूटीवरच्या डॉक्टरने ओळखायचं कसं? उपचार तर त्यावरच ठरणार असतात.

हा लेख घरात सीओपीडीचा पेशंट असणाऱ्यांसाठी आहे. तालुक्याच्या ठिकाणी नव्यानेच एबीजीचं मशीन हाताळू लागलेल्या डॉक्टर-सिस्टरांनीही वाचायला हरकत नाही. मधला आकडेमोडीचा भाग खरं तर त्यांच्यासाठीच आहे. आकड्यांचा कंटाळा असेल त्यांनी तो ओलांडून ऑक्सिजनच्या भागाकडे जावं.

रोगाची ओळख थोडक्यात करून घेऊ. सीओपीडीत श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांच्या भिंती झिजतात आणि आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. दम्यात नळ्या आवळतात आणि पुन्हा मोकळ्या होतात. इथे पूर्ण मोकळ्या होतच नाहीत. बिडी-सिगारेट हे सर्वांना ठाऊक असलेलं कारण. पण पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखात धूम्रपान न करणाऱ्यांचा सीओपीडी जगापुढे ठळकपणे मांडला, आणि त्यात चुलीच्या धुराला मोठी जागा होती. आयुष्यभर गोवऱ्या, पऱ्हाटी, तुराट्या जाळलेल्या बाईला ‘तुम्ही बिडी ओढता का?’ एवढंच विचारून सोडून दिलं तर निदान हुकणारच. निदानाचा खरा आधार स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायची तपासणी. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध ओढल्यावरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर नळ्यांतला अडथळा कायमचा आहे असं समजतात. नुसत्या एक्स-रेवरून कुणी सीओपीडी लिहून दिलं असेल, तर स्पायरोमेट्री करून मागा. जुन्या टीबीने खराब झालेली छातीही अशीच धापते.

आता रक्ताकडे. शरीरात सतत तयार होणारा कार्बन डायऑक्साइड रक्तात विरघळला की आम्ल बनतो आणि तो उच्छ्वासावाटे बाहेर टाकण्याचं काम फुप्फुसं करतात. त्याला तोलून धरणारं बायकार्बोनेट सांभाळतात मूत्रपिंडं. रक्ताचा पीएच या दोहोंच्या प्रमाणावर ठरतो. फुप्फुसं काही मिनिटांत फरक पाडतात, मूत्रपिंडांना त्यासाठी तीन ते पाच दिवस लागतात. वेळेतल्या या फरकामुळेच एबीजीवरून जुनं दुखणं आणि नवं संकट वेगळं ओळखता येतं.

निरोगी माणसात पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ मिलिमीटर पारा आणि बायकार्बोनेट २२ ते २६ असतं. पट्टी हातात आली की नजर आधी ऑक्सिजनकडे जाते. ती आवरा. आधी पीएच, मग सीओटू, मग बायकार्ब, आणि शेवटी ऑक्सिजन. तोही पेशंटला त्या वेळी किती ऑक्सिजन लावला होता हे पाहून. ती नोंद पट्टीवर नसेल तर ऑक्सिजनच्या आकड्याला अर्थ नाही.

समजा, यवतमाळकडच्या एक मावशी आहेत. वय ६४, उभा जन्म चुलीपुढे गेलेला. त्यांच्या चार पट्ट्या आपण पाहू.

पहिली पट्टी दिवाळीनंतरची. मावशी बऱ्या आहेत, बाजारहाट करतात, जिना चढताना मात्र थांबतात. पीएच ७.३५, सीओटू ६०, बायकार्ब ३२. पुस्तकाप्रमाणे सीओटू खूपच वाढलेला. पण पीएच जेमतेम का होईना, हद्दीत आहे. जुन्या आजारात सीओटू ४० च्या वर दर १० नी वाढला की बायकार्ब साधारण ४ नी वाढतं. इथे सीओटू २० नी वाढला, बायकार्ब २४ वरून ३२ झालं. हिशेब चोख जुळतो. म्हणजे मूत्रपिंडांनी महिनोन्महिने हा भार उचललाय. ६० हा मावशींचा नेहमीचा आकडा. या कागदावर तारीख, ‘तब्येत स्थिर, ऑक्सिजन न लावता’ अशी नोंद आणि शेजारी ऑक्सिमीटरचा आकडा लिहून घ्या, फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलवर पाठवून ठेवा.

दुसरी पट्टी जानेवारीतल्या थंडीतली. तीन दिवस खोकला, बेडका पिवळा-हिरवा, रात्री झोप नाही आणि आज सकाळपासून मावशी बसल्या बसल्या पेंगतायत. पीएच ७.२३, सीओटू ८४, बायकार्ब ३४. पहिल्या पट्टीशी ताडून पाहा. सीओटू आणखी २४ नी चढला, पण बायकार्ब फक्त २ नी. नव्याने, तासाभरात चढलेल्या सीओटूमागे बायकार्ब दर १० ला जेमतेम १ नी हलतं, तसंच इथे झालंय. जुन्यावर नवं, असा हा प्रकार. जुनी पट्टी हाती नसती तर ३४ पाहून कुणी ‘जुनंच आहे, वाट पाहू’ म्हणालं असतं, किंवा ८४ पाहून सगळंच नवं समजून बसलं असतं. मावशींना व्हेंटिलेटरवर घेण्याची वेळ आलीच, तर सीओटू ४० वर आणायचा अट्टहास करायचा नसतो. त्यांचं घर ६० चं आहे. ४० वर खेचलं तर साठलेलं बायकार्ब रक्त उलट अल्कधर्मी करून ठेवतं, आणि मशीन काढायच्या दिवशी श्वासाची प्रेरणाच मंदावलेली असते. कुठवर आणायचं, हे पहिली पट्टीच सांगते.

पट्टीवरचे आकडे आपसात जुळतात का हे पाहायची एक सोपी युक्ती आहे. मशीन पीएच आणि सीओटू मोजतं, बायकार्ब मात्र त्यांवरून काढलेलं असतं. २४ ला सीओटूने गुणा आणि बायकार्बने भागा. उत्तर ४० आलं तर पीएच ७.४०, ५० आलं तर ७.३०, ६३ आलं तर ७.२०. दुसऱ्या पट्टीत २४ गुणिले ८४ भागिले ३४ म्हणजे सुमारे ५९. तो ५० आणि ६३ च्या मध्ये बसतो, ७.२३ बरोबर आहे. फोनवरून आकडे सांगताना-लिहिताना झालेली चूक अशी चटकन पकडता येते.

तिसऱ्या पट्टीला डॉक्टरही फसतात. पायांवर सूज म्हणून मावशींना लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली आणि ती बघता बघता दुप्पट झाली. पीएच ७.४३, सीओटू ६२, बायकार्ब ४०. पीएच अगदी सुरेख! ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून मावशींना घरी पाठवायला कुणीही तयार होईल. पण ६२ च्या सीओटूला बायकार्ब ३३ च्या आसपास असायला हवं, इथे ते ४० आहे. वरचं ७ कुठून आलं? लघवीवाटे पोटॅशियम आणि क्लोराइड वाहून गेलं, त्यातून. सीओपीडीच्या जुन्या आम्लतेवर औषधाने आणलेली अल्कधर्मिता चढली आणि दोघांनी एकमेकांना झाकलं. स्टेरॉइडनेही यात भर पडते. अशी अल्कधर्मिता श्वासाची प्रेरणा कमी करते, आणि पोटॅशियम उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती असते. म्हणून सूज उतरवायची गोळी सुरू असेल तर सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड वेळोवेळी तपासून घ्या, आणि डोस घरच्या घरी वाढवू नका.

चौथी पट्टी सर्वांत फसवी. पीएच ७.१८, सीओटू ६०, बायकार्ब २२. सीओटू नेहमीचाच, बायकार्ब तर पुस्तकाप्रमाणे अगदी नॉर्मल. मग पीएच एवढा का कोसळला? कारण मावशींचं नेहमीचं बायकार्ब ३२ आहे. त्यांच्यासाठी २२ म्हणजे १० चा खड्डा. कुठलं तरी दुसरं आम्ल तो साठा खातंय: मूत्रपिंड निकामी होतंय का, मधुमेहातले कीटोन आहेत का, जंतुसंसर्ग रक्तात पसरून लॅक्टेट वाढलंय का, जुलाब झालेत का? सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बची बेरीज वजा करून अॅनायन गॅप काढा. तो १२ च्या फार वर असेल तर कुठलं तरी जादा आम्ल साठलंय. आणखी एक गोष्ट: सालब्युटामॉलच्या वाफा तासातासाला दिल्या तरी लॅक्टेट वाढतं आणि त्यामुळे धाप वाढल्यासारखी दिसते. मग आणखी वाफ दिली जाते. हे चक्र वेळीच ओळखावं लागतं.

आकडा एकटा वाचल्याने काय होतं, याचा वैद्यकाच्या इतिहासातला मोठा दाखला १९५२ सालचा आहे. कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली होती. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले पेशंट एकामागून एक दगावत होते. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेटसकट एकूण कार्बन डायऑक्साइड खूप वाढलेला दिसे आणि डॉक्टर त्याला कसलीशी गूढ अल्कधर्मिता समजत. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सांगितलं, ही अल्कधर्मिता नव्हे, श्वास अपुरा पडल्याने वायू साठतोय. २७ ऑगस्टला १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली, हाताने पिशवी दाबून श्वास दिला, आणि ती जगली. मग शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. आजचे आयसीयू त्या वॉर्डातून निघाले. सीओटू मोजायची व्यवहारात चालणारी पद्धतही त्याच शहरात, त्याच गरजेपोटी पोल अॅस्ट्रुप यांनी उभी केली. बायकार्ब वाढलेलं दिसताच अल्कलोसिस म्हणून मोकळं होण्याआधी सीओटू पाहायचा, हे तेव्हापासून शिकवलं जातं.

आता ऑक्सिजन. कोविडच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि ‘९५ च्या खाली म्हणजे धोका’ हे सर्वांच्या डोक्यात पक्कं बसलं. सीओपीडीत सीओटू साठणाऱ्या पेशंटला हा नियम लागू नाही. तीव्र त्रासात त्यांचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के. ९२ च्या वर गेलं तर ऑक्सिजन कमी करायचा. २०१० साली टास्मानियात अॅम्ब्युलन्समधल्या पेशंटांवर झालेली एक चाचणी प्रसिद्ध झाली: काहींना नेहमीप्रमाणे मास्कने भरपूर ऑक्सिजन, काहींना ८८ ते ९२ राखेल एवढाच. बेताने ऑक्सिजन मिळालेल्यांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. कारण असं की भरपूर ऑक्सिजन मिळाला की फुप्फुसाच्या निकामी भागांकडेही रक्त वळतं, हिमोग्लोबिन आपल्याकडचा कार्बन डायऑक्साइड सोडून देतं, आणि श्वासाची ओढही थोडी मंदावते. ऑक्सिमीटर ९८ दाखवत असतो, घरचे निर्धास्त असतात, आणि पेशंट हळूहळू गुंगीत जात असतो. ऑक्सिमीटरला सीओटू दिसत नाही.

याचा उलटा अर्थ काढणारेही भेटतात: ‘सीओपीडीत ऑक्सिजन देऊच नये.’ हे जिवावर बेतेल. ८० टक्क्यांवर असलेल्या माणसाला ऑक्सिजन हवाच. फक्त मोजून, नाकातल्या नळीने लिटर-दोन लिटरपासून किंवा व्हेंचुरी मास्कने. आणि जास्त झालाय असं वाटलं तरी एकदम काढून टाकायचा नाही. तसं केलं तर ऑक्सिजन आधीपेक्षाही खाली कोसळतो, हळूहळू उतरवायचा. वाफ देतानाही शक्यतो हवेच्या कॉम्प्रेसरने द्यावी आणि ऑक्सिजन नाकातून वेगळा चालू ठेवावा. भिंतीवरच्या ऑक्सिजनवर वाफ लावली की सहा ते आठ लिटर आपसूक सुरू होतो आणि वाफ संपल्यावर तो कमी करायचं राहून जातं. १०८ ला फोन करताना ‘सीओपीडी आहे, कार्बन डायऑक्साइड साठतो, ऑक्सिजन ८८ ते ९२’ हे वाक्य सांगा, आणि अॅम्ब्युलन्स आली की पुन्हा सांगा. कार्डावर लिहून पेशंटच्या खिशात ठेवलं तर फारच छान.

एबीजीची सुई दुखते, हे आधीच सांगून ठेवावं. मनगटात अंगठ्याच्या बाजूला नाडी लागते तिथून धमनीतलं रक्त घेतात. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर आकडे बिघडतात, नमुना तासभर टेबलावर पडून राहिला तरी बिघडतात. सुई काढल्यावर कापूस लावून निदान पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचं; रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्याहून जास्त. हे काम पेशंटवर सोडू नका, त्याला आधीच दम लागलेला असतो. वारंवार टोचणं टाळायचं असेल तर शिरेतल्या रक्तावरूनही पीएच आणि बायकार्बचा अंदाज येतो, आणि त्यात सीओटू ४५ च्या आत असला तर धमनीतही वाढलेला नसणार असं मानता येतं. ऑक्सिजनचं मात्र त्यातून काहीच कळत नाही.

पीएच ७.३५ च्या खाली आणि सीओटू वाढलेला, औषधं-वाफ देऊनही तसाच, तर डॉक्टर बायपॅप लावायला सांगतात. घट्ट मास्क, तोंडावर हवेचा झोत. पहिला अर्धा तास पेशंट तो ओरबाडून काढू पाहतो. घरच्यांना वाटतं, जीव गुदमरतोय, काढा ते. काढू नका. या यंत्राने गळ्यात नळी घालायची वेळ टळते आणि जीव वाचतात, हे पुन्हा पुन्हा सिद्ध झालंय. पेशंटचा हात धरून बसा, मास्क आधी हाताने टेकवून धरू द्या, पट्टे मग बांधायचे. तासाभराने पुन्हा एबीजी काढतात. पीएच वर सरकला तर वाट बरोबर आहे. पेशंट मास्कखाली शांत झाला, तर तो हाका मारल्यावर जागा होतो ना, हे जरूर पाहा. थकून आलेली गुंगी बाहेरून झोपेसारखीच दिसते.

डिस्चार्ज झाल्यावर बरेच लोक फाईल कपाटात टाकतात. दोन ते चार आठवड्यांनी, तब्येत स्थिरावल्यावर, पुन्हा एबीजी काढायला जा. तेव्हाही सीओटू ५३ च्या वर राहिला असेल तर रात्री घरी बायपॅप वापरायचं का, हे छातीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. त्याच वेळी विश्रांतीत ऑक्सिजन ५५ मिलिमीटर किंवा त्याखाली, म्हणजे ऑक्सिमीटरवर ८८ किंवा कमी, भरला तर घरी कॉन्सन्ट्रेटर लागतो, आणि तो दिवसाचे किमान १५ तास. धाप लागली की दहा मिनिटं लावून काढला, याने आयुष्य वाढत नाही. घरात ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत बिडी नको, गॅस नको. आणि देवघर त्याच खोलीत असेल तर निरांजन-उदबत्ती दुसरीकडे हलवा. नाकातल्या नळीजवळ ठिणगी पडली की चेहरा भाजतो.

रोजच्या औषधांत पंपाइतकं वाया जाणारं औषध दुसरं नाही. ‘पंपाची सवय लागते’ या समजापायी तो बंद करणारे एक आणि वर्षानुवर्षं चुकीचा ओढणारे दुसरे. दाबायचा पंप असेल तर आधी हलवा, श्वास पूर्ण बाहेर सोडा, स्पेसर ओठांत घट्ट धरा, एकदा दाबा, सावकाश खोल ओढा, दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखा. कॅप्सूल फोडून ओढायचं यंत्र असेल तर नेमकं उलटं: जोरात आणि खोल ओढा. दोन्ही प्रकार घरात असले की लोक हमखास अदलाबदल करतात. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. पुढच्या भेटीत पंप सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर ओढून दाखवा.

धूर बंद केल्याशिवाय कुठलंच औषध पुरं पडत नाही. सिलिंडर घरात असूनही पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटत असेल, तर मावशींऐवजी ते काम दुसऱ्या कुणीतरी मोकळ्या जागी करावं, किंवा तेवढ्यापुरता गॅसच वापरावा. दरवर्षी फ्लूची लस, डॉक्टर सांगतील तशी न्यूमोनियाची लस, रोज जमेल तेवढं चालणं, धाप लागली की ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून सावकाश श्वास सोडणं. यात नवीन काही नाही, पण यानेच दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात. झोपेच्या गोळ्या आणि कोडीनचं खोकल्याचं औषध मात्र कुणाच्याही सांगण्यावरून देऊ नका. सीओटू साठणाऱ्या माणसाची रात्रीची अस्वस्थता हे पुष्कळदा वाढलेल्या सीओटूचंच लक्षण असतं, आणि गोळीने तो आणखी चढतो.

शेवटी, दवाखान्यात केव्हा न्यायचं. बेडका वाढला, घट्ट झाला किंवा रंग बदलला आणि धाप नेहमीपेक्षा जास्त असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी पाच दिवसांची स्टेरॉइडची गोळी आणि गरज असेल तर अँटिबायोटिक बहुतेकांना पुरतं. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतंय, दिवसा पेंग आणि रात्री जाग, बोलणं असंबद्ध, हात पुढे पसरून मनगटं वर वळवायला सांगितली तर पंजे फडफडल्यासारखे हलतात, यांतलं काही दिसलं तर ऑक्सिमीटर काहीही सांगो, थांबू नका. एक वाक्य पुरं बोलता येत नाही किंवा ओठ निळसर झालेत, तर १०८ बोलवा. गाडीत पेशंटला आडवा झोपवू नका. पुढे झुकून, उशीवर हात टेकून बसू द्या, आणि फाईलमधला तो एबीजी वर काढून हातात ठेवा.